नियम क्रमांक तीन

आमच्या पप्पांना नियम करायची भारी हौस. राइस मिलच्या ऑफिसात ते कारकून होते, तिथे दिवसभर मालकाचे नियम चालायचे, त्याचा वचपा ते घरी काढत. न्हाणीच्या दारावर नियम, रेडिओवर नियम, नाताळच्या फराळाच्या डब्यावर तर खास लाल शाईतला नियम: झाकण उघडणाऱ्याने प्रथम आत्मपरीक्षण करावे. मी आत्मपरीक्षण करायची आणि मग दोन करंज्या खायची. सकाळी मिलचा भोंगा वाजायच्या आत सामुदायिक प्रार्थना व्हायची. पप्पा एकीकडे डोळे मिटून देवाशी बोलायचे आणि दुसरीकडे अर्ध्या डोळ्याने कोण पेंगतंय ते पाहायचे. आईचा स्टोव्ह त्या वेळी नेमका फरफरायचा. आत्याचा खोकलाही तेव्हाच सुरू व्हायचा. शांताआत्या पप्पांची थोरली बहीण, मिशन दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेली, लग्न न केलेली आणि कुणाच्या बापाला न भिणारी. एक पप्पांचे नियम सोडले तर तिने आयुष्यात कशाचीच भीड बाळगली नव्हती, आणि तेही ती पाळायची ते भावाचं तोंड पडू नये म्हणून.

सगळ्यांत मोठा नियम होता भाषेचा. घरात शुद्ध मराठी. गोंदियाच्या बाजारात हिंदी चालेल, पण मले-तुले म्हटलं की पप्पांच्या कपाळावर आठी. आत्या तीस वर्षं खेड्यांतल्या बाळंतिणींशी झाडीबोलीत बोलत आली होती, पण घराचा उंबरा ओलांडला की तीसुद्धा 'मला-तुला'वर यायची. पप्पा स्वतः जुन्या धर्मपुस्तकातल्यासारखं बोलायचे. 'मी चार पिढ्यांच्या ख्रिस्ती घरात वाढत आहे' हे वाक्य त्यांनी मला लहानपणीच पाठ करून घेतलं होतं. मी एकदा विचारलं, "पप्पा, पाचव्या पिढीत काय होतं?" ते म्हणाले, "अंधार." आणि पुढे म्हणाले, "जेव आता." आत्या तेव्हा भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचा हात थांबलेला मी पाहिला.

त्या वर्षी पप्पांना चर्चच्या कमिटीचं सेक्रेटरी व्हायचं होतं. जानेवारीत वार्षिक सभा, तिथे निवड. गेली नऊ वर्षं त्या खुर्चीवर बसलेल्या गृहस्थांनी चर्चची पेटी दुरुस्त करून आणली होती, आणि दर रविवारी ती वाजली की पप्पांच्या चेहऱ्यावर वेदना दिसायची. तेव्हा त्याहून मोठं काहीतरी करायला हवं होतं. त्या पावसाळ्यात देवरीच्या पलीकडे बरीच मातीची घरं बसली होती. आत्याची एक जुनी मैत्रीण तिकडच्या दवाखान्यात होती. तिच्याकडून एका माणसाचं नाव कळलं. सदाराम. भिंत अंगावर पडून पाय मोडलेला, बायकोसह भावकीतल्या एकाच्या गोठ्यात राहतो. पप्पांनी ताबडतोब योजना काढली. नाताळनंतर चार दिवस जाऊन एक घर उभं करून द्यायचं. नाव: 'प्रेमाची भिंत'. भिंत आणि प्रेम एका ओळीत कसं बसवलं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. कापडी फलक रंगला. पिवळ्या टोप्या शिवून आल्या. छत्तीस फोटोंचा एक रोल घेतला गेला. आणि अर्थात अकरा नियम झाले.

निघालो आम्ही घरचे चौघे, पप्पा, आई, आत्या आणि सोळा वर्षांची मी. शिवाय तरुण संघाचे पाच जण, ज्यांतला सर्वांत तरुण बेचाळीस वर्षांचा होता. प्रत्येकाच्या खिशात नियमांचा कागद. नियम क्रमांक तीन असा: 'साहाय्य स्वीकारणाऱ्या कुटुंबाकडून अन्न, चहा, पाणी काहीही घेऊ नये. आपण कोणावर ओझे होऊ नये.' मी या माणसाची कितीही चेष्टा केली तरी एक गोष्ट आज इथे लिहून ठेवते. हा नियम त्यांनी मनापासून केला होता. त्यांच्या लहानपणी एक पाहुणा प्रचारक घरी आला आणि अंडी देणारी घरातली एकुलती कोंबडी खाऊन, आशीर्वाद देऊन निघून गेला. पप्पा तेव्हा सहा वर्षांचे होते. त्या कोंबडीचं नावसुद्धा त्यांना शेवटपर्यंत आठवत होतं.

देवरीपर्यंत बस, पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली. फलक दोन्ही बाजूंनी धरलेला, आम्ही मध्ये, टोप्या डोक्यावर, तोंडात धूळ. टोल्यावर, म्हणजे सदारामच्या वस्तीवर, पोचलो तर पोरंटोरं पळत आली, त्यांना वाटलं निवडणूक लागली. पडक्या घराच्या जागी जोता तेवढा शाबूत होता, बाकी मातीचा ढीग. शेजारच्या गोठ्यासमोर खाटेवर सदाराम पाय लांब करून बसलेला. कौशल्याबाई, त्याची बायको, पितळी लोटा घेऊन लगबगीने समोर आली. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, पदर कमरेला.

"जयभीम. या, या. पानी घ्या, दमले असान."

पप्पांनी हात जोडले. "भगिनी, आपण तसदी घेऊ नये. आमचं पाणी आमच्याजवळ आहे."

"असन. पर हे मटक्यातलं हाये, थंड."

"नाही, नाही. आम्ही बाहेरचं काही घेत नसतो."

बाईने लोट्याकडे पाहिलं, मग आमच्या नऊ टोप्यांकडे पाहिलं. लोटा तिने जोत्याच्या कडेला ठेवला. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. मला फक्त एवढंच वाटलं होतं की मला ते पाणी हवं होतं. आमच्या प्लॅस्टिकच्या डब्यातलं पाणी ट्रॉलीत तापून चहाइतकं गरम झालं होतं. थोड्या वेळाने ती चहा घेऊन आली, तोही परत गेला.

मग सुरू झालं बांधकाम. आमच्यातल्या एकालाही मातीची भिंत कशी घालतात ते माहीत नव्हतं, आणि हे कुणी कुणाला सांगितलं नाही. सदारामने मात्र अर्ध्या गावाच्या भिंती घातलेल्या होत्या. तो खाटेवरून सांगत होता. माती आणि तणस, म्हणजे भाताचा पेंढा, पाण्यात भिजवून पायाने तुडवा, तो चिखलाचा गारा लोण्यासारखा झाला पाहिजे. आमचे तरुण बुटांसकट फावड्याने ढवळत होते. तो म्हणाला, "साहेब, एकच थर घाला. मंग दोन दिस सुकू द्या लागते. मंग दुसरा."

"काका, आमच्याकडे चारच दिवस आहेत," पप्पा म्हणाले.

"मातीले कोन सांगन ते?"

तरुण संघ हसला. पप्पांनाही हसू आलं, पण ऐकलं कुणीच नाही. नऊ पिवळ्या टोप्यांना एक म्हातारा खाटेवरून शहाणपणा शिकवतो म्हणजे काय! पहिल्या दिवशी दोन थर चढले, दुसऱ्या दिवशी आणखी दोन. प्रत्येक थराला फोटो. पप्पा थापी हातात धरून, पप्पा फलकासमोर, पप्पा आकाशाकडे पाहत. आई एकदा पुटपुटली, "अहो, फुगल्यासारखी दिसते हो." पप्पा म्हणाले, "ओली आहे म्हणून." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंत छातीइतकी झाली, रोल संपला, आणि आम्ही शाळेच्या वर्गात, जिथे मुक्काम होता, तिथे उपकारस्तुती करून पाठ टेकली.

जेवणाचं सांगायचं राहिलं. दोन्ही दिवस दुपारी कौशल्याबाई बोलवायला आली. "चला, हात धुवा. भात उतरवला." गोठ्याकडून वास यायचा, लाखोरीच्या डाळीचा, लसणाच्या फोडणीचा, बोडीतल्या, म्हणजे गावतळ्यातल्या, सुक्या झिंग्यांचा. माझ्या तोंडाला असं पाणी सुटायचं की आत्मपरीक्षणाचं भानच उरायचं नाही. आणि दोन्ही दिवस पप्पा हात जोडून, अत्यंत गोड चेहऱ्याने, नाही म्हणाले. मग आम्ही मोहाच्या झाडाखाली गोल करून बसलो, डोळे मिटले, देवाचे आभार मानले आणि कोरड्या ब्रेडला जाम लावून खाल्ला. कौशल्याबाई गोठ्याच्या दारात बसून आमच्याकडे पाहायची. मी एकदा मान वर केली तर तिची नजर माझ्या घासावर होती. तो घास मला गिळवेना. का, ते कळलं नाही. आज इतकी वर्षं झाली, घरात कुणी ब्रेड-जाम काढला तरी मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर भिंत पोट सोडून आडवी झालेली. अख्खी. नुसती पडली नव्हती, जोत्याचा कोपराही घेऊन गेली होती. म्हणजे आम्ही दोन दिवस राबून त्या माणसाकडे जे होतं त्यातलंही कमी केलं. सदाराम खाटेवर शांत बसला होता. हसला असता तर बरं वाटलं असतं. पप्पा म्हणाले, "बंधूंनो, ही परीक्षा आहे. आपण प्रार्थना करून पुन्हा आरंभ करू." तरुण संघाने डोळे मिटायला सुरुवात केली तेवढ्यात कौशल्याबाई समोर येऊन उभी राहिली.

"राहू द्या आता. घरी जा."

"भगिनी, आपण निराश होऊ नका."

"मी कायले निराश होऊ? भिंत तुमची पडली. मले तुमचं घर नोको."

गोठ्यात राहणारी बाई, नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये, आणि ही म्हणते घर नको! तरुण संघातला एकजण हलकेच म्हणाला, "उपकाराची जाणीवच नाही लोकांना." त्याचं नशीब की ते तिने ऐकलं नाही. पण आत्याने ऐकलं. आत्या टोपी काढून पुढे झाली आणि इतक्या वर्षांत पप्पांसमोर पहिल्यांदाच ती दवाखान्यातल्या बोलीत बोलली.

"काऊन वो बाई? काय झालं, सांग ना."

कौशल्याबाईचा आवाज चढला नाही. चढला असता तर आम्हाला सोपं गेलं असतं. "आमच्या घरचं पानी तुमाले चालत नाही. चहा चालत नाही. दोन दिस मी दहा-बारा मानसाचा भात रांधला, अन् तुमी तेथं झाडाखाली आपलं आपलं खाल्लं. आमच्याकडे भिंतीले मानसं येतेत तं मजुरी नाही घेत, जेवून जातेत. तुमी आमच्या हातचं नाही खात. माह्या सासऱ्यानं छप्पन साली सगळं सोडलं ते कायसाठी सोडलं? पाटलाच्या विहिरीवर आमाले वरून पानी वाढत होते. त्यायच्या टोप्या पांढऱ्या होत्या, तुमच्या पिवळ्या. तेवढाच फरक. आमी गोठ्यात राहू. गोठेवाले आमच्या ताटात जेवतेत."

पप्पांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी काय करावं? खिशातून कागद काढला आणि मोठ्याने वाचायला लागले. "नियम क्रमांक तीन. साहाय्य स्वीकारणाऱ्या कुटुंबाकडून अन्न, चहा, पाणी काहीही घेऊ नये. आपण कोणावर..." उरलेलं 'ओझे होऊ नये' त्यांनी कागदाची घडी घालत म्हटलं. हे मी चेष्टेने सांगतेय खरं, पण तेव्हा मला त्यांची भयंकर लाज वाटत होती आणि रडूही येत होतं.

बाईने पूर्ण ऐकून घेतलं. "हे आमाले काऊन नाही सांगतलं?"

"नियम स्वयंसेवकांसाठी होते," पप्पा म्हणाले.

"सांग आता तिले," आत्या मागून म्हणाली. "आपला आजा कुठचा ते सांग."

"ताई!"

"ताई काय ताई? आजीची ओंजळ विसरला का तू? मले तं तिनं दहादा करून दाखवली होती, दोन्ही हात असे जोडून, कोपरं खाली. वरून पानी टाकत होते अन् अर्धं कोपरावरून वाहून जात होतं. येथून आठ कोसावर हाये ते गाव, लय दूर नाही. चार पिढ्या, चार पिढ्या करत राहतो. पाचवी कोनती, ते सांग ना!"

तरुण संघाचे पाचही जण आपापल्या बुटांकडे पाहायला लागले. त्यांच्याही घरी पाचव्या पिढीत अंधारच होता, ते मला नंतर कळलं. आईने मात्र पप्पांच्या पाठीवर हात ठेवला. लोकांसमोर तिने त्यांना हात लावलेला मी आयुष्यात तेवढाच पाहिला.

मला वाटलं, आता कौशल्याबाई विरघळेल, आत्याच्या गळ्यात पडेल. छे! ती म्हणाली, "मंग तं तुमाले जास्त समजाले पायजे होतं."

पप्पा पडलेल्या भिंतीच्या ओल्या मातीवर बसले. इस्त्रीच्या पँटीसकट. टोपी काढून मांडीवर ठेवली. कोंबड्या त्यांच्या पायाजवळून चरत गेल्या. मग खाली बघतच म्हणाले, "बाई, मले भूक लागून राहिली."

मी आईचा हात धरला. त्या तोंडातून 'मले' मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांना ते येत होतं! आईवडिलांकडून शिकलेलं सगळं आत तसंच होतं, नियमाखाली दाबून ठेवलेलं.

"आज काही नाही रांधलं," कौशल्याबाई म्हणाली. "दोन दिसाचं ढोराले टाकलं."

"मंग बसतो."

ती आत गेली. आम्हाला वाटलं, संपलं. पण ती सुपात तांदूळ घेऊन बाहेर आली आणि सूप पप्पांच्या पुढ्यात ठेवलं. "बसले हा तं निवडा."

ज्याचं सारं आयुष्य राइस मिलमध्ये गेलं त्याला खडा आणि कणी यातला फरक दिसत नव्हता. सदाराम खाटेवरून ओरडायचा, "साहेब, तो खडा नोहे, तांदूर हाये, टाकू नोका!" आत्या चुलीपाशी जाऊन बसली, आईने लसूण सोलला, मला झिंगे साफ करायला लावले. जेवायच्या आधी बाईने लोटा पुढे केला. पप्पांनी तो तोंडाला लावून सगळा रिकामा केला. मग आम्ही जेवलो, नऊच्या नऊ, गोठ्यासमोर पंगत मांडून. पप्पांनी तीनदा भात घेतला. तिसऱ्या खेपेला कौशल्याबाई म्हणाली, "भिंतीपेक्षा तुमचा हात येथं बरा चालते," आणि तेव्हा कुठे ती पहिल्यांदा हसली.

त्या दुपारी आणि चौथ्या दिवशी आम्ही सदाराम सांगेल ते केलं. बूट काढले, पँटी दुमडल्या आणि गारा तुडवला. पप्पांच्या टाचा फुटल्या. आधी जोता नीट केला, मग एक थर घातला. फक्त एक. गुडघ्याइतका. त्याचा फोटो काढायला रोलच नव्हता. बाकीचे थर सदारामने पाय सुटल्यावर गावाला हाताशी धरून चढवले, आणि उन्हाळ्यात घर झाल्याचं जेवण होतं तेव्हा आम्ही चौघे गेलो. पप्पांनी तिथेही सूप मागून घेतलं. घरी मात्र शुद्ध मराठीचा नियम दुसऱ्याच दिवशी पुन्हा लागू झाला होता. माणूस एवढ्यात सुधारत नसतो, निदान आमचे पप्पा तरी नाही. आत्या तेवढी मग सुटली ती सुटलीच. मरेपर्यंत ती घरात झाडीतच बोलली, आणि पप्पा ऐकू येत नसल्यासारखं करत.

राहिली वार्षिक सभा. फोटो धुऊन आले होते. आमच्या जेवणाच्या टेबलावर ते ओळीने मांडलेले मी पाहिले. पहिला थर, दुसरा, तिसरा, चौथा, छातीइतकी उंच, सरळ, देखणी भिंत. फोटोतली भिंत पडलेली नव्हती. तरुण संघातल्या त्या उपकाराच्या जाणिवेवाल्याने सुचवलं, "साहेब, हेच लावा ना बोर्डावर, कोण जातंय तिकडे बघायला?" पप्पा रात्रीच्या जेवणापर्यंत ते फोटो पुन्हा पुन्हा वर-खाली करत होते. खुर्ची हातात आली होती हो! नऊ वर्षं वाट पाहिलेली खुर्ची.

सभेला ते नेहमीचा कोट घालून गेले. फोटोंचं पाकीट आतल्या खिशात होतं, मी आईला ते ठेवताना पाहिलं होतं. पाळकसाहेबांनी नाव पुकारलं तसे ते उठले, पाकिटावर एकदा हात ठेवला, आणि तो तसाच रिकामा खाली आणला. म्हणाले की पहिली भिंत आमच्या घाईने पडली, दुसरीचा एक थर झाला. सेक्रेटरी गृहस्थांना तर गुदगुल्या झाल्या. ते पेटीशेजारच्या खुर्चीवरून पुढे वाकले.

"किती उंच, म्हणालात?"

"गुडघ्याइतकी."

"चार दिवस, नऊ माणसं, आणि गुडघ्याइतकी?" त्यांनी सभेकडे हसून पाहिलं. "मग तुम्ही तिथे केलंत तरी काय?"

पप्पांनी आमच्या बाकाकडे पाहिलं. आत्याने पदर नीट केला.

"जेवलो," पप्पा म्हणाले, आणि खाली बसले.